कमरेला खोचलेलं फडकं

वरच्या मजल्यावरची खोली मी त्या मुलीला दिली ती तिच्या कामाकडे बघून नाही. ती आंघोळीला बादली भरली की नळ बंद करायची, म्हणून दिली. आमच्या गावात आता घर तिथं चार मजले झाले आहेत. शेती गेली, मिठागरं गेली, आणि आम्ही सगळे घरमालक झालो. भाडेकरू खूप येतात. ऐरोलीच्या कंप्युटरच्या कंपन्यांतली मुलं येतात, बँकेतली येतात. सगळे शिकलेले, पण नळ कुणी बंद करत नाही. टाकी रिकामी झाली की खाली येऊन मलाच विचारतात, आजी पाणी का गेलं. ही मुलगी सांगलीकडची. तिकडच्या माणसाला पाण्याची किंमत माहीत असते.

ती हॉस्पिटलात काम करते एवढं मला माहीत होतं. मला वाटलं नर्स असेल. पहाटे उठून जायची, तेव्हा मी ओट्यावर मिश्री लावत बसलेली असायचे. माझी सवय अशी, की मिश्री लावायची, बोट फडक्याला पुसायचं, तोंड पुसायचं आणि फडकं कमरेला खोचायचं. दिवसभर ते तिथंच असतं. ती जाताना म्हणायची, "आजी, सोडा की ती मिश्री आता." मी म्हणायचे, "तू आधी लगीन कर, मग मी मिश्री सोडते." ती हसत रिक्षात बसायची.

मग एक दिवस दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण खाली आली. तिला लहान मूल होतं. ती म्हणाली, "आजी, वरची मुलगी अणूचं काम करते. तिच्या अंगातून किरणं येत असतील. बाळ घरात आहे माझं." माझा थोरला मुलगा तेव्हा नुकताच न्हावा शेव्याहून कामावरून आला होता. तो म्हणाला, "आये, कशाला भानगड? खोली खाली करायला सांग."

मी कुणाचं ऐकून कुणाला बाहेर काढत नाही. संध्याकाळी मुलीला बोलावलं आणि सरळ विचारलं.

"काय गो पोरी, कामावरनं घरी काय घेऊन येतेस तू?"

"डबा आणते, आजी. तो पण रिकामा."

"मस्करी नको. अणू काय हाय ते सांग."

ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. म्हणाली, रोगी आला की त्याला सुईतून नाही तर गोळीतून औषध देतात. ते औषध अंगात जिथं जायचं तिथं जाऊन बसतं आणि तिथून किरण सोडतं. मग मशीन त्याचा फोटो काढतं. तिचं काम म्हणजे ते औषध मापून तयार करायचं, रोग्याला द्यायचं आणि फोटो काढायचा.

"म्हणजे एक्सरे," मी म्हटलं.

"नाही ओ. एक्सरेत मशीन उजेड टाकतं. आमच्याकडं उजेड माणसातनं येतो. मशीन नुसतं बघत बसतं."

हे मला लगेच कळलं नाही. पण आवडलं. तिने हेही सांगितलं की रोज निघताना हातपाय आणि कपडे मशीनने तपासून मगच बाहेर सोडतात, आणि छातीला एक पट्टी लावलेली असते, तिच्यात कळतं कुणाच्या अंगावर किती किरण पडले. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला वर हाक मारून सांगितलं, की हिच्या अंगावर काही नसतं, आणि तुला भीती वाटत असेल तर तू खोली सोड. ती काही सोडून गेली नाही. जिना मात्र सांभाळून चढायला लागली. मुलगी वरून उतरत असली की ही भिंतीला चिकटून उभी राहायची. मुलीने ते पाहिलं होतं.

त्यानंतर वर्षभरात माझ्या गळ्याला गाठ आली. मला दुखत नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. सुनेच्या लक्षात आलं. तपासण्या झाल्या आणि ती गाठ वाईट निघाली. गळा कापून ती काढली. काढताना मला काही कळलं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहायला काही नाही. मग डॉक्टर म्हणाले, आता आयोडीन द्यावं लागेल, अणूवालं. गळ्यात बारीकसारीक जे उरलं असेल ते त्याने जळून जाईल.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग फोटो काढू. आयोडीन फक्त गळ्यात दिसलं, तर चांगलं. आणखी कुठे दिसलं, फुप्फुसात, हाडात, तर मग रोग तिथे गेला असं समजायचं. मग पुन्हा पुन्हा द्यावं लागतं."

मी मुलाला तिथेच सांगितलं, हाडात गेलं असेल तर मला पुन्हा काही द्यायचं नाही. माझं वय झालंय. मी घरी मरेन. सून रडायला लागली, मुलगा खाली बघायला लागला. मी ते चिडून बोलले नव्हते. मला जे करायचं होतं तेच सांगितलं होतं.

हॉस्पिटल त्याच मुलीचं निघालं. आयोडीनच्या खोलीत मला घेऊन गेली ती तीच. घरी ती केस मोकळे सोडून, पायात सपाता घालून फिरते. इथे टोपी, मास्क, हातमोजे, छातीला ती पट्टी. आवाज तोच, पण बोलणं सगळं मोजकं. खोलीत पलंग, टीव्ही, संडास, आणि दाराला जाड पत्रा. शिसं असतं म्हणे आत. तिने आधी सगळं समजावून सांगितलं. संडास झाल्यावर दोनदा पाणी सोडायचं. उष्टं बाहेर द्यायचं नाही. उद्यापासून आंबट चोखायचं, तोंडाला पाणी सुटत राहिलं पाहिजे, नाही तर गालातल्या गाठी सुजतात. औषध थुंकीतनं, घामातनं, लघवीतनं बाहेर येतं, म्हणून तोंड पुसलं की कागद त्या डब्यात टाकायचा.

मग एक शिशाची जड डबी ढकलगाडीवरून आणली. माझ्यापुढे सरकवली आणि आपण मागे दाराशी जाऊन उभी राहिली. तिथून म्हणाली, "झाकण काढा. गोळी तोंडात टाका. भरपूर पाणी प्या. चावू नका."

मी गोळी गिळली. गोळीला चव नव्हती. एवढ्याशा गोळीला एवढी जड डबी, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"आता मी जाते, आजी," ती म्हणाली.

"अगो, बस की जरा."

"आता नाही बसता येत. आता उजेड तुमच्यातनं येतोय."

आणि दार लावून गेली. मला राग आला. घरी ओट्यावर तासभर बसणारी पोर, आणि इथे गोळी घातली की पळाली. पण त्या खोलीत विचार करण्याशिवाय काम नव्हतं. मी आयुष्यभर आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याच्या उशाशी बसणं असं धरलं होतं. माझ्या सासूच्या उशाशी मी बसले, नवऱ्याच्या बसले. बसून त्यांना काही फायदा झाला असं मला आठवत नाही. पण बसले नसते तर गावाने नावं ठेवली असती. ह्या मुलीचं काम उलटं. तिला जे करायचं ते सगळं आधी करून ठेवायचं, सांगून ठेवायचं, आणि मग जवळ थांबायचं नाही. रोज असे किती रोगी. प्रत्येकाच्या उशाशी बसली तर तिचंच अंग खराब व्हायचं. दूर राहून नीट काम करणं मला कधी जमलं नसतं. मी जवळ जाऊन वाईट काम करणाऱ्यातली. असं त्या खोलीत माझ्या लक्षात आलं, आणि मग टीव्ही लावला.

फोनवर ती रोज बोलायची. "आंबट चोखताय ना?"

"चोखते. सुनेनं आमसुलं दिलीत."

"पाणी?"

"पाणी पिऊन पिऊन माझं पोट मिठागर झालंय."

आमसुलाने तोंडाला इतकं पाणी सुटायचं की सारखं तोंड पुसावं लागायचं. कागद मला आवडत नाही. तोंडाला चिकटतो, त्याचे तुकडे होतात. माझं फडकं माझ्याजवळ होतंच. तोंड पुसायचं आणि कमरेला खोचायचं. मिश्री तिथे नव्हती, पण फडक्याला जुना वास होता, तेवढ्यावर मी दिवस काढले.

फोटोच्या दिवशी मला आंघोळ करायला लावली आणि हॉस्पिटलचा धुतलेला झगा आणि नाडीचा पायजमा दिला. नर्सने बाहेरून विचारलं, "आजी, बांगड्या, पिना, काही अंगावर ठेवलं नाही ना?" मी म्हटलं नाही. आणि नव्हतंच. आंघोळ झाली, पायजमा घातला, नाडी बांधली आणि फडकं कमरेला खोचलं. माणूस कपडे घालतो तेव्हा आपण बटण लावलं हे त्याला आठवत नाही, तसं ते.

मशीनच्या फळीवर मला निजवलं. वर एक मोठी चौकोनी थाळी, खाली एक, आणि फळी हळूहळू त्यातून सरकते. मुलगी काचेमागे. "आजी, आता बोलायचं नाही, हलायचं नाही."

"खाजलं तर?"

"खाजू दे की."

मी डोळे मिटून पडले. मशीनचा आवाज फार नव्हता. बराच वेळ गेला. माझी फळी थांबली, पण तिने उठा असं काही म्हटलं नाही. मला बोलायची सवय, म्हणून मी वाट बघायला लागले की आता ती काहीतरी टोमणा मारेल.

माझा मुलगा बाहेर बसला होता. काचेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असावं, कारण मला त्याचा आवाज ऐकू आला.

"ताई, हा काळा डाग कसला? कमरेला?"

"दादा, तुम्ही बाहेर थांबा. इथे आत नाही यायचं."

"पण गळ्याला हाय तसाच हाय तो. सांगा ना."

"डॉक्टर सांगतील. बाहेर थांबा."

दार लागलं.

मी फळीवर पडल्या पडल्या सगळं ऐकलं. माझा उजवा खुबा गेली कित्येक वर्षं दुखतो. मिठागरात असताना मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं, त्यात एकदा पडले होते, तेव्हापासून. मी तेच कारण धरून बसले होते. आता वाटलं, पडल्याचं नसेल. हेच असेल, आतल्या आत. डॉक्टर हाडात म्हणाले होते. खुबा हाड आहे.

मला रडू आलं नाही. मी हिशोब केला की दोन्ही मुलांचे मजले वेगळे लावून दिलेत, तेव्हा भांडण होणार नाही. सुनेला सोनं आधीच दिलंय. गोळी पुन्हा घ्यायची नाही हे ठरलेलं आहे. मग एक गोष्ट राहिली. ती अशी की मला मरायचं नव्हतं. हे मला आधी माहीत नव्हतं. एवढ्या बायका आपल्या वयाच्या गेल्या, आपणही जाऊ, असं मी सगळ्यांना सांगत असायचे, आणि खरंच तसं वाटायचं. फळीवर ते वाटेना. उद्या सकाळी ओट्यावर बसावं एवढंच वाटलं.

मुलगी आत आली. माझ्या डोक्याशी नाही, पायाशी, लांब उभी राहिली.

"आजी, कमरेला काही आहे का तुमच्या?"

"काय नाय."

"नाडीत काही बांधलंय? चिल्लर, पुडी?"

"नाय म्हणते ना. खुबा दुखतो माझा. जुना हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मास्क होता, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. पण मला तिचे डोळे बदललेले दिसले. मग ती घरच्या आवाजात बोलली, "आजी, तुमचं फडकं कुठाय?"

मी कमरेला हात लावला. फडकं तिथंच होतं.

"हे काय," मी म्हटलं. "हे फडकं हाय. हे काही नाय."

ती झटकन वळली आणि हातात धरायचं एक छोटं मशीन घेऊन आली. लांबून हात पुढे करून माझ्या कमरेजवळ धरलं तर ते तडतड तडतड करायला लागलं, कढईत मोहरी तडतडते तसं. मग म्हणाली, "काढा ते. त्या पिशवीत टाका. मी धरते पिशवी."

"इतकं काय त्यात?"

"तीन दिवस तुमची थुंकी हाय त्यात. गोळीतलं अर्धं औषध फडक्यात आलंय."

"मग सांगायचं होतंस."

"कागद वापरा म्हणून सांगितलेलं."

"फडकं वापरू नको असं नव्हतं सांगितलं."

तिने पिशवीला गाठ मारली, शिशाच्या डब्यात टाकली. मला कंबर साबणाने पुन्हा धुवायला लावली, हात धुवायला लावले, नवा झगा, नवा पायजमा. ते मशीन पुन्हा कमरेजवळ धरलं. या वेळी ते अधूनमधून टिकटिक करत होतं, तेवढं तर माझ्या पोटातल्या औषधाचंच असेल असं ती म्हणाली. मग पुन्हा फळीवर.

दुसऱ्यांदा मी खरंच हलले नाही. खाजलंसुद्धा नाही.

फळी थांबली. "उठा सावकाश," ती म्हणाली.

"गेला का डाग?"

"डॉक्टर सांगतील."

"तू बघितलास ना फोटो?"

"बघितला."

"मग सांग."

"नाही सांगता येत, आजी. मी फोटो काढते. वाचायचं काम डॉक्टरांचं."

मला संताप आला. "माझ्या घरात राहतेस. माझ्या टाकीचं पानी पितेस. आणि मला सांगत नाहीस?"

"घर तिकडं," ती म्हणाली. "इथं तुम्ही पेशंट. मी काही बोलले आणि त्यांना आणखी काही दिसलं, तर?"

मुलाने बाहेर तिला पुन्हा विचारलं. त्यालाही तेच. तो माझ्यापासून लांब बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, कारण त्याला तसं सांगितलं होतं. आम्ही दोघं तसे बसून राहिलो. मी त्याला फडक्याचं सांगितलं. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "आये, पण खुब्यात पण असंल तर?" हा प्रश्न बरोबर होता. फडक्याखाली कंबर होतीच. फडकं काढलं म्हणून खाली काही नाही असं कुणी सांगितलं होतं?

डॉक्टर दुपारी आले. त्यांनी दोन्ही फोटो भिंतीवरच्या पडद्यावर लावले. फोटोत मी अशी होते, की कुणी कोळशाने बाई काढून अर्धी पुसली असावी. गळ्याला काळं. पोटात थोडं, ते म्हणे सगळ्यांना असतं. पहिल्या फोटोत कमरेला एक काळा गोळा. दुसऱ्यात कंबर रिकामी.

"गळ्यात थोडं उरलंय, ते जाईल," डॉक्टर म्हणाले. "बाकी कुठे काही नाही. हाडं स्वच्छ आहेत."

"मग खुबा का दुखतो?"

"तो म्हातारपणाने दुखतो, आजी."

मुलाने डोळे पुसले. मी त्याला म्हटलं, रुमालाने पूस, आणि खिशात ठेवू नकोस. मग मात्र तो हसला.

घरी आल्यावर काही दिवस मला वेगळं ठेवलं. खालच्या मागच्या खोलीत, वेगळं ताट, वेगळा संडास, नातवाला जवळ घ्यायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाई जिन्यावरून उतरायची तेव्हा भिंतीला चिकटायची. या वेळी तिचं बरोबर होतं. मुलगी कामावरून आली की माझ्या खिडकीपासून लांब, तुळशीपाशी उभी राहून बोलायची. किती लांब ते तिला न मोजता कळायचं. मी एकदा म्हटलं, दुसरी कुणी असती फोटो काढायला, तर तो डाग हाडाचाच ठरला असता. ती म्हणाली, "काय नाही ओ. दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. बाजूनं फोटो काढला असता, कळलंच असतं डाग अंगाबाहेर आहे. मी फक्त लवकर ओळखलं, कारण मी रोज सकाळी तुमाला बघते."

ती खरं बोलत असेल. ती उगाच मोठेपणा घेत नाही, आणि उगाच नाकारतही नाही. मला फळीवर पडून जे ऐकू आलं आणि जे वाटलं, त्याचं मी तिला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. काचेमागून तिने किती जणांना तसं पडलेलं पाहिलं असेल. फोटो सगळ्यात आधी तिला दिसतो. चांगला असो, वाईट असो, तोंड मिटून बाहेर यायचं आणि "उठा सावकाश" म्हणायचं. मला हे काम एक दिवस दिलं तर मी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं सांगून टाकीन.

पुढे तीनेक महिन्यांनी, मी पुन्हा ओट्यावर बसायला लागल्यावर, ती एका सकाळी पिशवी घेऊन आली. आतमध्ये माझं फडकं. धुतलेलं, घडी घातलेलं, वर कडक इस्त्री.

"डब्यात ठेवलं होतं सगळ्या कपड्यांबरोबर," ती म्हणाली. "आता थंड झालंय, किरण सगळे विरले. तपासून आणलंय. आमच्याकडचे टाकूनच द्या म्हणत होते, मी म्हटलं, आमच्या घरमालकीण मला खोली खाली करायला लावतील."

मी फडकं उलटंसुलटं करून बघितलं. मिश्रीचा वास पार गेला होता.

"तोंड पुसायच्या फडक्याला इस्त्री कशाला केलीस?"

"हॉस्पिटलची इस्त्री हाय, फुकटची."

रिक्षा आली होती. तिला उशीर होत होता. तिचं औषध गाडीतून निघालेलं असतं आणि वाटेतच विरत जातं, ती पोचायच्या आत पोचलं तर वाया जातं. मी तिला थांबवलं नाही. बोट फडक्याला पुसलं, तोंड पुसलं, आणि ते कमरेला खोचलं.

"आजी, मिश्री," ती रिक्षातून ओरडली.

"जा गो, उशीर व्हतोय तुला," मी म्हटलं.